अष्टमीचं पान

पौष महिन्यातल्या शुद्ध अष्टमीला आमच्या घरी मटण शिजतं. ग्वाल्हेरच्या थाटीपुरातले आमचे शेजारी बहुतेक शाकाहारी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली सभ्य माणसं. त्या दिवशी आमच्या खिडकीवरून जाताना ती जरा भराभर चालतात. चालोत बापडी. हे मटण आम्ही जिभेचे चोचले पुरवायला करत नाही. ते आमच्या घराण्यातल्या एका गोलंदाजासाठी असतं. कंपनी सरकारची फौज ग्वाल्हेरवर चालून आली तेव्हा तो दक्षिणेच्या टेकड्यांवर तोफेपाशी उभा होता, आणि तिथून तो परत आला नाही. जिवंत तर नाहीच, पण खांद्यावरूनही नाही. म्हणून घरी न आलेल्या माणसाचं जेवण तिकडे न्यायचं, असा आमच्याकडे नेम आहे. त्याला आम्ही अष्टमीचं पान म्हणतो.

पळसाच्या पत्रावळीवर बाजरीच्या भाकरी, तिखटजाळ रस्सा, कांदा, मीठ. टेकडीवर एक उभा दगड आहे, त्याला शेंदूर लावायचा, पुढे पान मांडायचं आणि मागे वळून न बघता परत यायचं. रांधायचं घरातल्या बाईने आणि न्यायचं पुरुषाने. पुरुष परत आला की उंबऱ्याबाहेर थांबतो. आतून बाई विचारते, "पान पोचलं का?" तो म्हणतो, "पोचलं." मग ती म्हणते, "तर आत ये, जेवून घे." एवढं झाल्याशिवाय त्याने घरात पाऊल टाकायचं नाही, आणि तोवर घरात कुणी जेवायचं नाही.

आधी आई विचारायची आणि वडील उत्तर द्यायचे. मग मी विचारू लागले आणि भाऊ उत्तर देऊ लागला. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगण्याइतकी मनोरंजक नाहीत. सरकारी शाळेत मुलांना इंग्रजी शिकवलं, घरी वहिनी होती तोवर तिच्या हाताखाली आणि ती गेल्यावर एकटीने स्वयंपाक केला, आणि दर अष्टमीला उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले. तो दगड मात्र मी कधी पाहिला नव्हता. ज्याच्यासाठी जन्मभर रस्सा केला त्याचं ठिकाणच माहीत नाही, हे माझ्या डोक्यात कधी कधी जायचं. मग मी रश्शात एक चमचा तिखट जास्त घालायचे. भाऊ म्हणायचा, "अगं, तो मेला आहे, पण मी जिंदा आहे ना!"

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. दहाव्या-तेराव्याला त्याचा मुलगा बंगळुरूहून आला, सगळं नीट केलं, आणि मला सोबत चल म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो गेल्यावर दोन खोल्यांचं ते घर इतकं मोठं झालं की फ्रीज सुरू झाल्याचा आवाज मला दचकवायचा. मला एकटं वाटत होतं, हे सरळच सांगते. शेजारणी यायच्या, बसायच्या, "किसी चीज़ की ज़रूरत हो तो बताइएगा" म्हणून जायच्या. गरज कशाची आहे ते सांगता येण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

पौष लागला तेव्हा मी भाच्याला, म्हणजे भावाच्या मुलाला, फोन केला. म्हटलं, "पान कोण नेणार?"

"आत्या, मला सुट्टी नाही मिळून राहिली," तो म्हणाला. "यंदा तू घेऊन जा ना. कोण बघायला बसलंय? फोटो पाठवून दे. पुढच्या वर्षी मी येतो, पक्का. छोटीला पण आणतो. तिला दाखवायला पाहिजे ना, की अपने पुरखे कुठे लढले."

त्या 'पक्का'वर मी पुढचे दिवस काढले. तो येईल, त्याची बायको येईल, मुलगी येईल, घरात चपला दिसतील. मी मनातल्या मनात गाद्यासुद्धा उन्हात घातल्या. मुलीला तिखट चालणार नाही, तिच्यासाठी वेगळा पांढरा रस्सा करायचा, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. फक्त यंदाचं पान नीट पोचवायचं आणि चांगला फोटो पाठवायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

अष्टमीला सकाळी असं धुकं होतं की समोरचं फाटक दिसेना. माझ्या शाळेतल्या नोकरीपासून ओळखीचा एक ऑटोवाला आहे, त्याला सांगून ठेवलं होतं. मांडीवर स्टीलचा डबा, पिशवीत पत्रावळ, नारळ आणि आदल्या दिवशी लष्कर भागातल्या बाजारातून आणलेला शेंदूर. लष्कर ओलांडून आम्ही शिवपुरीच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक गतिरोधकाला मी डबा दोन्ही हातांनी धरत होते. एकदा रस्सा हिंदकळून पदरावर आला, तेव्हा मी त्या ऑटोवाल्याला असं काही बोलले की पुढे तो बैलगाडीसारखा चालला.

पनिहारच्या पुढे धुकं फाटलं. दोन्ही बाजूंना बुटक्या, खडकाळ टेकड्या आणि मधून रस्ता. वडील सांगायचे की कंपनीची फौज त्या दिवशी दोन बाजूंनी आली, एक उत्तरेकडून मुरैन्याच्या अंगाने आणि एक इथून. आपली फौज या टेकड्यांवर तोफा चढवून वाट अडवून उभी राहिली. आपण कुणावर चालून गेलो नव्हतो, नुसतं येऊ देत नव्हतो, हे ते दरवेळी ठासून सांगायचे. संध्याकाळ होईपर्यंत तोफा गेल्या, टेकड्या गेल्या. आमचा माणूस तोफ सोडून हलला नाही, असं घरात सांगतात. लष्करातल्या ज्या ज्या मराठा घरात मी गेले आहे तिथे सगळ्यांचेच पूर्वज तोफ न सोडणारे. मग पळाले ते कुणाचे, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता आणि वडिलांनी मला अंगणात उभं केलं होतं.

रणांगण म्हणून पाहायला गेलं तर तिथे पाहण्यासारखं काही नाही. पाटी नाही, खांब नाही. पिवळी सरसों, एक ढाबा, ट्रकांची रांग, आणि लांब गिट्टीच्या क्रशरची धूळ. टेकडीला एका बाजूने खणून खणून पार चावून टाकलं आहे. मधेच सुरुंगाचा आवाज झाला आणि बगळे उडाले. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी या टेकडीवर दारू उडते आहे ती सिमेंटच्या रस्त्यांसाठी.

ऑटोवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि आजूबाजूला पाहिलं. "यहाँ क्या है, मैडमजी?"

"लड़ाई हुई थी."

"किसकी?"

"हमारी."

"कौन जीता?"

"वो लोग."

त्याने जरा विचार केला. "फिर भी आप खाना लेके आई हो," तो म्हणाला आणि अदबीने दुसरीकडे तोंड करून थुंकला. मी त्याला खालीच थांब म्हटलं. पान नेताना परका माणूस सोबत नको, असाही नेम आहे, आणि त्याच्यासमोर धापा टाकायची मला लाज वाटत होती.

भावाने सांगितलेल्या खुणा मला पाठ होत्या. दोन मोठ्या धोंड्यांच्या मधून वर, मग वाळलेला नाला, मग एक वाकडं करधईचं झाड, आणि त्याच्या सावलीत दगड. 'गणपतीसारखा गुबगुबीत झालाय शेंदूर खाऊन,' असं तो म्हणायचा. माझे गुडघे दर चार पावलांना तक्रार करत होते. वारा बोचरा होता. वर जाताना मला सारखं वाटत होतं की भावाला मी कधी विचारलंच नाही, तू एकटा चढतोस तेव्हा तुला काय वाटतं. घरी आल्यावर तो नुसतं 'पोचलं' म्हणायचा आणि मी लगेच वाढायला घ्यायची. आता विचारायला तो नव्हता आणि टेकडी होती.

झाड सापडलं. दगडही सापडला. पण तो लाल नव्हता.

शेंदराचं जाड कवच सुटून जमिनीवर पडलं होतं. नारळाच्या करवंट्या पडाव्यात तशी त्याची दोन मोठी शकलं झाली होती. वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढत गेला की कवच कधी तरी सुटतं, देवांचंही सुटतं, मग दगड धुऊन नवा शेंदूर लावतात. क्रशरच्या सुरुंगांनी हे कवच हादरलं असणार. पण ते तेव्हा सुचलं नाही. मला आनंदच झाला. वडिलांना नाही, भावाला नाही, बाईमाणसाला, आणि पहिल्याच खेपेला, आमच्या माणसाने तोंड दाखवलं! मी डबा खाली ठेवला, पदराने दगड पुसला आणि हात जोडले.

मग त्यावरची अक्षरं दिसली. इंग्रजी अक्षरं, खोल आणि सुबक कोरलेली.

तीस-बत्तीस वर्षं ती भाषा शिकवली, पण त्या क्षणी मला ती वाचता येईना. एकेक अक्षर बोटाने चाचपत गेले. वरचा कोपरा उडाला होता, त्यामुळे नावाचं पुढचं टोक गेलं होतं. उरलं होतं ते इतकंच, की इथे अमुक पलटणीचा एक शिपाई पडला, वय एकोणीस, आणि हा दगड त्याच्या सोबत्यांनी उभारला.

मी तिथेच एका खडकावर बसले. कुणी तोंडात मारावी तसं झालं होतं.

झालं असेल ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. लढाईनंतर कधी तरी आमच्या घरातलं कुणी तरी आपल्या माणसाला शोधत या टेकडीवर आलं असणार. त्याला ना मढं सापडलं, ना तोफ. सापडला तो एक घडीव, उभा दगड. त्याला अक्षर कळत नव्हतं. पण दगड उभा आहे म्हणजे कुणी तरी वीर पडला आहे, आणि वीर पडला आहे म्हणजे तो आपलाच, एवढं त्याला कळत होतं. त्याने शेंदूर लावला. पुढच्याने त्यावर लावला. हरलेल्यांना दगड कोण उभारणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही पडला नव्हता, आणि मला तर प्रश्न विचारल्याबद्दल अंगणात उभं राहायचा अनुभव होता.

म्हणजे आमची सगळी पानं या पोराने जेवली. आईच्या हातची, वहिनीच्या हातची, माझ्या हातची. रागाच्या भरात मी घातलेलं ते चमचाभर जास्तीचं तिखटही याच्याच वाट्याला आलं. एकोणीस वर्षांचा मुलगा. या वयाची मुलं मी शाळेबाहेर पानटपरीवर रोज पाहत आले आहे, ओठावर धड मिशी नसते आणि ऐट जगाची असते. आमच्या रश्शाने याच्या डोळ्याला किती पाणी आणलं असेल! मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे चांगली मोठ्याने रडले. भाऊ गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

खालून हे पोरगं चढत आलं असणार आणि वरून आमच्या माणसाची तोफ त्याच्या रोखाने असणार. कदाचित आमच्याच गोळ्याने मेलं असेल. आणि आमचा माणूस? तो या उतारावर कुठेही असेल. सरसोंखाली, नाल्यात, किंवा क्रशरने खाऊन टाकलेल्या बाजूला. त्याच्यासाठी म्हणून इतकी वर्षं घरातल्या बायका उपाशी थांबल्या आणि त्याच्यापर्यंत एक घास गेला नाही. मला त्याची फार कणव आली.

डोळे पुसल्यावर फोनची आठवण झाली. फोटो पाठवायचा होता.

वाटीत शेंदूर आणि तेल कालवून मी घरूनच आणलं होतं. वाटी भरून होती. दोन हात फिरवले असते तर अक्षरं बुजली असती आणि दगड पुन्हा आमचा झाला असता. लाल दगड, पुढे पान, सुंदर फोटो. पुढच्या वर्षी भाचा मुलीला घेऊन आला असता, इथे हात जोडून उभा राहिला असता, आणि घरी उंबऱ्याच्या आत मी असते. कुणाचं काय बिघडलं असतं? मेलेल्या दोघांनाही काही कळणार नव्हतं. मी बोटं शेंदरात बुडवली आणि दगडापाशी नेली. खरंच नेली.

पण ते वय मला बुजवता येईना. नाव आधीच अर्धं गेलेलं, आई-बाप सातासमुद्रापलीकडे, त्यांच्याही मागे आता कुणाला हा ठाऊक नसणार. एवढा एक आकडा तेवढा त्याचा स्वतःचा उरला होता. तो मी माझ्या सोयीसाठी पुसायचा? मी अक्षरांच्या वर, दगडाच्या माथ्याला एक टिळा लावला आणि हात पुसून टाकला.

पान कुठे मांडायचं, हा घोळ राहिलाच. ते आमच्या माणसाचं होतं. पण त्याला कुठे शोधू? आणि इतकी वर्षं इथे बसून जेवत आलेल्याला काय सांगू, की ऊठ, ही जागा तुझी नव्हे? भरल्या पानावरून कुणाला उठवायचं नाही, एवढं वळण आमच्या घराला आहे. मी दगडापुढेच पत्रावळ मांडली. भाकरी ठेवल्या, रस्सा वाढला, कांदा फोडला, नारळ वाढवला. मग एका भाकरीचा अर्धा चतकोर मोडून रश्शात बुडवला आणि खालच्या उतारावर जोरात फेकला. "तू जिथे असशील तिथे," मी म्हटलं.

फोटो जसा होता तसा काढला, अक्षरांसकट, आणि पाठवून दिला. फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही.

उतरताना मागे पाहायचं नसतं. मी पाहिलं. दगडाच्या माथ्यावर एक कावळा बसला होता आणि मान वाकडी करून पानाकडे बघत होता. त्याचं आणि माझं काही बोलणं झालं नाही.

परतीच्या वाटेवर मी दर थोड्या वेळाने फोन बघत होते. काही नव्हतं. मी काय करून बसले आहे, ते मला कळत होतं. त्याला इकडे आणणारा एकच दोरा होता आणि तो मी स्वतःच्या हाताने सोडून दिला होता. आता पुढच्या वर्षी तो कशाला येईल? सुट्टी घालवून, विमान करून, लेकीला एका परक्याच्या थडग्यावर मटण ठेवायला? ऑटोवाल्याने विचारलं, "सब ठीक हुआ, मैडमजी?" मी म्हटलं, "हाँ, चलो." महाराज बाड्यापाशी तिळाच्या गजकाच्या दुकानांवर संक्रांतीची गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि मला घरी पोचूच नये असं वाटत होतं.

पोचले. ऑटो गेला. मी उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. सवय नव्हती, मी नेहमी आतल्या बाजूला असायची, पण पाय आपोआप थांबले. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच पिशवीत. आतून विचारणारं कुणी नव्हतं. कुलूप काढून सरळ आत जावं तर पाऊल उचलेना. आपणच विचारावं आणि आपणच सांगावं, असंही मनात आलं, पण तोंड उघडलं नाही. समोरच्या बाईंनी गॅलरीतून पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. त्या आत गेल्या.

तेव्हा फोन वाजला. भाचाच होता. हॅलो नाही, काही नाही.

"आत्या, पान पोचलं का?"

लहानपणी तो माझ्या पदराला धरून उंबऱ्याच्या आत उभा असायचा. हे त्याच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पोचलं," मी म्हटलं.

"फोटोत दगडावर काहीतरी लिहिलेलं आहे. मी ज़ूम करून पाहिलं. अंग्रेजी है ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. कवच, अक्षरं, वय, अर्धा चतकोर, सगळं. मागे त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते.

"मतलब आपला माणूस तिथे नाहीच," तो शेवटी म्हणाला. चिडून नाही, खरंच विचारत होता. "तो फिर आत्या, मी पुढच्या वर्षी कुणासाठी येऊ?"

शेंदराची बोटं अजून लाल होती. त्यांच्याकडे बघत मी म्हटलं, "माझ्यासाठी ये."

आयुष्यात असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. आईला नाही, भावाला नाही, आणि ज्याला म्हणायला हवं होतं त्यालाही नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला.

"आत्या, तू अजून दारातच उभी आहेस का?"

"हो."

"सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"नाही."

"पान पोचलं ना?" तो म्हणाला. "तर आत ये, जेवून घे."

मी कुलूप काढलं आणि आत गेले.